‘सहकार्य लाभले’ ते कोणाचे?

अध्यक्ष महोदया, संस्थेचे सभासद आणि समोर बसलेल्या बचत गटांच्या भगिनींनो,

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘उद्योगातील आणि समाजकार्यातील प्रेरणादायी सहकारी स्त्रिया’ असा विषय छापला आहे. त्यातल्या ‘सहकारी’ या एका शब्दाबद्दलच मी बोलणार आहे. एखादीला प्रेरणादायी म्हटले की शाल, श्रीफळ आणि टाळ्या देऊन आपले काम संपते. सहकारी म्हटले, तर हिशेबात, निर्णयात आणि नावात तिचा वाटा मान्य करावा लागतो, आणि आपले कौतुक नेमके तिथेच आखडते असा माझा अनुभव आहे.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. मी एका पतसंस्थेत काम करीत असताना वार्षिक अहवाल लिहिण्याची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे होती. अहवालाच्या शेवटी ‘महिला प्रतिनिधींचे मोलाचे सहकार्य लाभले’ हे वाक्य मी दरवर्षी न चुकता लिहीत असे. एका वर्षी, वसुलीचे काम पाहणाऱ्या आमच्या एक ताई अहवालाची प्रत आणि आपली लाल कापडी बांधणीची वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या वहीत प्रत्येक कर्जदार बाईच्या नावासमोर हप्त्याची रक्कम होती, आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेल्या नोंदी होत्या: ‘नवरा आजारी, दोन आठवडे थांबणे’, ‘मुलीची फी भरली, पुढच्या शनिवारी दोन हप्ते’, ‘घरी विचारू नये, दुकानात भेटावे’. वही माझ्यासमोर उघडी ठेवून त्यांनी विचारले, “साहेब, संस्था तुमची आणि आम्ही मदतीला आलेल्या, असं आहे का?” मला उत्तर देता आले नाही. आमच्या संस्थेची वसुली चांगली असल्याचे श्रेय मी अहवालाच्या पहिल्या पानावर संचालक मंडळाच्या धोरणाला दिले होते. प्रत्यक्षात ती वसुली या वहीवर उभी होती, आणि ती वही लिहिणारीचे नाव अठ्ठावीस पानांत कुठेही नव्हते.

तेव्हापासून ज्या संस्थांनी स्त्रियांचे काम नीट मोजले, त्यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती मुंबईतल्या गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची गोष्ट.

लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकटे राहत. घरची मंडळी गावी, आणि इथे चाळीतल्या एका गाळ्यात पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शेजारच्या खोलीतली एखादी बाई करीत असे. पहिल्या पाळीचा डबा पहाटे तयार लागे आणि रात्रपाळीच्या माणसाचे ताट उशिरापर्यंत झाकून ठेवावे लागे. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. पण तांदूळ, डाळ, तेल आणि रॉकेल रोज लागे. म्हणजे महिनाभराची उधारी ती बाई अंगावर घेत होती. त्यासाठी वाण्याकडून चढ्या भावाने माल उचलायचा, वेळ पडली तर भांडी किंवा मंगळसूत्र सावकाराकडे ठेवायचे. भांडवल, उधारी, जोखीम आणि गिऱ्हाइकाची पत ओळखण्याची नजर, असे धंद्याला लागणारे सगळे तिच्याजवळ होते. तरीही तिला कोणी व्यावसायिक म्हणत नसे. ती ‘घरी चार माणसांना जेवायला घालते’, एवढीच तिची ओळख.

प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून घडलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपाच्या काळात त्यांच्या लक्षात आले की पगार बंद असूनही कामगार तग धरून आहेत, कारण त्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका तग धरून आहेत. संपाच्या सभेत व्यासपीठावर कामगार पुढारी होते, आणि संपाचा शिधा मात्र या बायकांच्या अंगावर होता. प्रेमाताईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिले नाही. त्या कष्टकरी आहेत, व्यवसाय करतात, म्हणून त्यांना संघटनेची आणि बँकेच्या कर्जाची गरज आहे, अशी सरळ मांडणी त्यांनी केली. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी दुर्बल घटकांना कर्ज द्यावे असे धोरण ठरले होते. पण तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचत नव्हते. मंडळाने बायकांचे गट केले आणि गटातल्या प्रत्येकीने दुसरीची हमी घेतली. पहिल्या गटात चौदा जणी होत्या आणि प्रत्येकीला १,५०० रुपये कर्ज मिळाले. आज ही रक्कम लहान वाटेल. मात्र ज्या बाईने आजवर फक्त सावकाराचा उंबरा पाहिला होता, तिचे स्वतःच्या नावाचे खाते बँकेच्या खातेवहीत उघडले गेले, ही गोष्ट मला कोणत्याही सत्कारापेक्षा मोठी वाटते. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा मोठेपणा मी त्या पदकाच्याही आधी, म्हणजे या चौदा जणींना ‘लाभार्थी’ न मानता कर्जदार आणि जामीनदार म्हणून उभे करण्यात पाहतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे सगळे जगच कोलमडले. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप होता. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत, कामगार गावी परतले आणि अनेक खानावळींची ताटे रिकामी राहिली. कामगारांच्या हलाखीबद्दल पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. त्या कामगारांकडे अडकलेली, पुन्हा कधीही हाती न आलेली जेवणाची उधारी किती बायकांनी मुकाट्याने सोसली असेल, याचा विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

दुसरे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबापा, यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे या कामाचे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झाले. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांचे नाव २०२१ च्या पद्मश्रीमुळे सर्वांना माहीत झाले. उरलेल्या सहा जणींची नावे मी मुद्दाम घेतो: पार्वतीबेन ठोदाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का.

या संस्थेतील कौतुकाची रीत मला फार शिकण्यासारखी वाटते. तिथे पापड लाटणारी बाई मजूर नसते, तिला ‘बहेन’ म्हणतात आणि ती संस्थेची सहमालक असते. शाखेत मळलेले पीठ ती घरी नेते, पापड लाटून वाळवते, दुसऱ्या दिवशी ते वजन करून परत देते आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेते. नफा आणि तोटा दोन्ही वाटून घेतले जातात. छगनबापांचे वागणेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी पैसे दिले ते कर्ज म्हणून, देणगी म्हणून नाही. देणग्या घेऊ नका आणि स्वस्तातला हलका माल काढू नका, असा सल्ला दिला. आणि मालकी मात्र बायकांचीच राहिली. स्त्रियांबरोबर काम करू इच्छिणाऱ्या माझ्यासारख्या पुरुषांनी हा वस्तुपाठ पुन्हा पुन्हा गिरवावा, असे मला मनापासून वाटते.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचा एक प्रसंग थोडक्यात सांगतो. तिथे बायकांची बँक उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्या चेतनाताई सिन्हा यांनी तो स्वतः अनेक ठिकाणी सांगितला आहे. माण तालुक्यातल्या बायकांची बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जदारांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हते, कारण आमच्या गावात शाळा नव्हती. पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय सांगून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा प्रसंग सांगताना चेतनाताई ‘मी’ पेक्षा ‘त्या’ अधिक म्हणतात, आणि मला त्यात नेतृत्वाची खरी ओळख पटते.

माझ्या त्या अहवालाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. पुढच्या वर्षी वसुलीचे प्रकरण मी लिहिलेच नाही. ताईंनी ते आपल्या वहीवरून सांगितले, मी उतरवून घेतले आणि त्याखाली त्यांचे व त्यांच्या अकरा सहकारी स्त्रियांचे नाव छापले. संचालक मंडळात त्यावर चर्चा झाली, काहींना ते रुचले नाही. थकबाकीदारांना मुदतवाढ देण्याच्या बैठकीला ताईंनी बसावे, हा ठराव संमत व्हायला मात्र आणखी दोन वर्षे लागली; त्या दोन वर्षांतली दिरंगाई माझ्या खात्यावरही आहे.

आज दुपारचे आपले जेवण समोर बसलेल्या ज्या गटाने केले, त्यांचा गेल्या वर्षाचा जमाखर्च तयार आहे. आभारप्रदर्शनासाठी राखलेली पंधरा मिनिटे त्यांना द्यावीत, अशी विनंती मी अध्यक्षांना सकाळीच केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. गटाच्या सचिव आता इथे येऊन तो जमाखर्च वाचून दाखवतील. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी त्यांनाच विचारावे.