ब्लॉकपासून रिपोर्टपर्यंत

पातळ काप घेणाऱ्या मायक्रोटोम यंत्राच्या पात्यावरून सुटणारा हा काप अवघ्या ५ मायक्रॉन जाडीचा आहे. मेणाच्या ब्लॉकमधील ऊतीचा तुकडा फुप्फुसाच्या गाठीतून सुईने काढलेला असून काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक आहे. कर्करोगाचा प्रकार ठरवण्यासाठी त्यातील काही काप टीटीएफ-१ आणि पी४० या चाचण्यांना आधीच गेले आहेत, आणि उरलेल्या ऊतीतून ईजीएफआर या जनुकातील म्युटेशन (बदल) शोधायचे आहे; ते असेल तर गेफिटिनिबसारखी गोळी उपयोगी पडते. ब्लॉक यंत्रावर पुन्हा चढवला की पृष्ठभाग समतल करण्यातच बरीच ऊती वाया जाते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ लागणारे सगळे काप एकाच वेळी घेतात.

आता पाते बदलले जात आहे. पुढचा ब्लॉक दुसऱ्या रुग्णाचा आहे, त्यामुळे काप ज्यावर तरंगतात ते कोमट पाणीही स्वच्छ करावे लागते. आधीच्या ऊतीचा एखादा कण नव्या स्लाइडवर आला, तर डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर पद्धत त्यातल्या डीएनएच्याही असंख्य प्रती तयार करते.

या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट पेनाने जी सीमा आखत आहेत, तिच्या आतील भागच खरवडून घेतला जाईल. कर्करोगाच्या पेशी किती आणि निरोगी पेशी किती, याचा हा अंदाज चुकला, तर डीएनएची अक्षरे वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीत म्युटेशन असूनही दिसत नाही, कारण त्या पद्धतीला निम्म्याच्या आसपास पेशी कर्करोगाच्या असाव्या लागतात.

पुष्कळ नुकसान मात्र याआधीच, बायोप्सीच्या खोलीत, झालेले असते. ऊती १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठरावीक तासच राहायला हवी. ती जास्त काळ राहिली, तर डीएनएचे तुकडे होतात आणि काही ठिकाणी सायटोसिन या डीएनएच्या अक्षराचे युरॅसिल होऊन यंत्र तेथे थायमिन हे दुसरेच अक्षर वाचते. टी७९०एम हे ईजीएफआरमधील, गेफिटिनिबसारख्या औषधाला दाद न देणारे म्युटेशन नेमके सायटोसिनच्या जागी थायमिन आल्यानेच घडते. साहजिकच खराब आणि अत्यल्प डीएनएमध्ये ते नसतानाही दिसू शकते. युरॅसिल काढून टाकणारे एन्झाइम आधी वापरले, तर हा धोका बराच घटतो. पण त्यासाठी खर्च आणि शिस्त दोन्ही लागतात. हाडातून घेतलेल्या बायोप्सीचे कॅल्शियम तीव्र आम्लाने काढले असेल, तर वाचण्याजोगा डीएनए बहुधा उरतच नाही. अशा वेळी ‘तपासणी होऊ शकली नाही’ असे लिहिणे हेच प्रामाणिक उत्तर आहे. ‘म्युटेशन आढळले नाही’ असे लिहिणे ही घोर चूक आहे.

चूक बाहेरून कशी पकडतात, ते या मोहोरबंद पाकिटात आहे. प्रयोगशाळांची बाहेरून परीक्षा घेणाऱ्या, मँचेस्टरच्या ईएमक्यूएनसारख्या संस्था सहभागी प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवतात. उत्तर संस्थेला ठाऊक असते, प्रयोगशाळेला नसते. नुसता निकालच नव्हे, तर म्युटेशनचे नाव नियमानुसार लिहिले आहे का आणि डॉक्टरांना रिपोर्टमधून नेमका अर्थ कळतो का, यालाही गुण असतात. आमच्या मते हे पाकीट यंत्राइतकेच आवश्यक आहे.

आणि चूक झालीच तर? म्युटेशन निसटले, तर उपयोगी गोळी रुग्णापर्यंत पोहोचत नाही. नसलेले म्युटेशन दाखवले, तर केमोथेरपी मागे पडते. गेफिटिनिब आणि केमोथेरपी यांची तुलना करणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास अभ्यासात, म्युटेशन नसलेल्या रुग्णांमध्ये गेफिटिनिब केमोथेरपीपेक्षा स्पष्टपणे कमी पडले होते.

भारतात वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था प्रयोगशाळांना मान्यता देते आणि त्यासाठी अशा बाह्य परीक्षेत सहभाग अपेक्षित असतो. परंतु ही मान्यता घेणे ऐच्छिक आहे. रुग्णालयाच्या काउंटरवरून ब्लॉक घेऊन निघालेल्या या नातेवाइकांना कोणती प्रयोगशाळा त्या परीक्षेला बसली हे कोणी सांगत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने आपला बाह्य परीक्षेचा ताजा निकाल दर्शनी भागात लावावा, आणि कर्करोगाच्या पेशींचे प्रमाण, वापरलेली पद्धत व त्या पद्धतीत न तपासली जाणारी म्युटेशन रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापावीत.