चमच्यातली घंटा आणि भरत आलेला हंडा

नमस्कार श्रोतेहो. एक काम करा, आत्ताच, मी बोलत असताना. रेडिओवर ऐकत असाल तर त्याच्या जाळीवर तळहात अलगद ठेवा, मोबाईलवर ऐकत असाल तर मोबाईलची पाठ बोटांवर धरा आणि आवाज जरा वाढवा. जवळ एखादं लहान मूल असेल तर त्याचाच हात ठेवा, म्हणजे जास्त मजा. आता मी म्हणते, ऊऽऽऽऽऽ. आणि परत, जरा जाड आवाजात, ओऽऽऽऽऽ. लागलं ना हाताला काहीतरी? थरथर, मुंग्या, गुदगुल्या, तुमचं मूल जे म्हणेल ते बरोबर.

मी बालवाडीत शिकवते, तीन ते सहा वर्षांची मुलं असतात माझ्याकडे, आणि मला मनापासून वाटतं की या वयात आवाज आधी हाताला कळायला हवा, मग डोळ्याला, आणि त्याचं नाव वगैरे सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो. "आवाज कंपनातून निर्माण होतो" हे वाक्य मुलाकडून पाठ करून घेतो, मूल पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवतं, पण त्याने कधी वाजत्या ताटलीला बोट लावलेलं नसतं. म्हणून कंपन हा शब्द मी सुरुवातीला काढतच नाही. मुलं त्याला "डुगडुग" म्हणतात, "घुंई" म्हणतात, आमच्याकडे तेच चालतं.

सुरुवात गळ्यापासून करायची, त्याला काहीच सामान लागत नाही. गळ्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं म्म्म्म. मग स्स्स्स. मग झ्झ्झ्झ. म आणि झ म्हणताना गळा थरथरतो, स म्हणताना एकदम गप्प, आणि हे कळलं की मुलं अख्खी बाराखडी गळ्यावर हात ठेवून तपासत बसतात, कोण थरथरतंय कोण नाही. कुजबुजत बोलून बघा म्हटलं तर अजून गंमत, कारण कुजबुजताना गळा शांतच राहतो. मग एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून गाणं म्हणायचं. ज्या मुलांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर हा खेळ फारच मोलाचा आहे, फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरून स्पीकरजवळ बसलं की ढोलाचा ठेका तळहाताला स्पष्ट कळतो आणि ते मूल बाकीच्यांबरोबर ताल धरतं.

आता चमच्यातली घंटा. स्टीलचा मोठा चमचा घ्या, पळी असेल तर उत्तमच. साधारण हात-दीड हात लांबीचा जाड दोरा घेऊन त्याच्या मधोमध चमचा बांधा, म्हणजे दोऱ्याची दोन टोकं मोकळी राहतील. ती टोकं दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांवर दोन-तीन वेळा गुंडाळा आणि ती बोटं कानाच्या तोंडाशी हलकेच दाबून धरा, आत खुपसायची नाहीत. थोडं वाका म्हणजे चमचा मोकळा लोंबेल, अंगाला लागणार नाही, आणि कुणालातरी दुसऱ्या चमच्याने त्याच्यावर टिंग करायला सांगा. बाहेर उभ्या असलेल्याला नुसती टिंग ऐकू येते. ज्याच्या कानाला बोटं आहेत त्याला मात्र देवळातली मोठी घंटा ऐकू येते, खोल, आणि कितीतरी वेळ घुमत राहणारी. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघा, डोळे मोठे होतात आणि ते मागे वळून बघतं की घंटा कुणी वाजवली.

होतं काय, की एरवी चमच्याचा आवाज हवेतून सगळीकडे पसरत आपल्यापर्यंत येतो, त्यातला थोडासाच कानात शिरतो आणि त्यातले जाड, खालचे सूर तर हवेत फारसे उतरतच नाहीत, कारण एवढासा चमचा हवेला तेवढं ढकलू शकत नाही. पण ताणलेल्या दोऱ्यातून ते थेट बोटात आणि बोटातून कानात जातात. दोरा सैल पडला किंवा कुणी मध्येच चिमटीत धरला की घंटा बंद. हे सांगू नका, मुलांनाच दोरा धरून बघू द्या. काडेपेटीचा फोन आपण लहानपणी केला, त्याचंही हेच, दोरा ताणलेला पाहिजे आणि कोपऱ्यावर कुठे घासला नाही पाहिजे.

यानंतर आवाज डोळ्याला दाखवायचा. एका पातेल्यावर किंवा वाडग्यावर फुगा कापून ताणून बसवा, रबर लावा, आणि वर चिमूटभर रवा पसरा. आता हात न लावता, फुंकर न मारता रवा हलवायचा. मुलं आधी पातेलं ढकलायला बघतात, मग कुणीतरी ओरडतं आणि रवा टुणकन उडतो, आणि मग काय, पूर्ण वर्ग ओरडतो. पाच मिनिटं ओरडू द्यावं. मग म्हणायचं की आता एकेकाने हळू, एकाच सुरात ऊऽऽ म्हणायचं, सूर वर-खाली करत न्यायचा. एखाद्या सुराला रवा एकदम नाचतो आणि बाकीच्या सुरांना जेमतेम हलतो. तो सूर पकडून ठेवणं हीच गाण्याची पहिली तालीम म्हणा ना, कारण मूल स्वतःच्या गळ्यातला सूर डोळ्याने बघून स्थिर धरायला शिकतं. एक मात्र कडक सांगते, फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात.

तोच फुग्याचा ढोल पुढे वापरता येतो. बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, मग मधोमध कणकेचा छोटा गोळा चपटा करून चिकटवा आणि परत टिचकी मारा. आवाज खाली उतरतो, जाड होतो. आता ज्यांनी भजनी मंडळात पखवाज जवळून पाहिलाय त्यांना लगेच आठवलं असेल, वाजवायच्या आधी पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्याला, ओली कणीक लावतात ती याचसाठी. गावाकडच्या कितीतरी मुलांनी हे सप्ताहात पाहिलेलं असतं, पण ते विज्ञान आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि तबल्याची काळी शाई? तिने तर मोठमोठ्यांना विचारात पाडलं. साधा ढोल वाजतो तेव्हा त्याचं कातडं एकाच वेळी अनेक प्रकारांनी थरथरतं आणि त्या थरथरींचा एकमेकींशी सुरेल मेळ बसत नाही, म्हणून आपल्याला धप्प ऐकू येतं, सूर असा सापडत नाही. शाईचं वजन मध्ये नेमकं बसवलं की त्या थरथरी जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा हिशोबात येतात आणि तबला सुरात बोलायला लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं, म्हणजे रामन यांना नोबेल मिळालं त्याच्याही १० वर्षं आधी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो ना आपण शाळेत, ज्वालामुखीचे तेच तेच मॉडेल मांडण्यापेक्षा त्या दिवशी एखाद्या तबलजींना बोलवा, हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर कसा चढवतात ते मुलांना दाखवा, शाईला हलकेच बोट लावू द्या. हलगीवाले दादा शेकोटीवर हलगी तापवतात तेही दाखवण्यासारखं आहे, ऊब लागली की कातड्यातला ओलावा जातो, ते ताणतं, आणि सूर चढतो, म्हणून पावसाळ्यात हलगी फार छळते.

तारांचं थोडक्यात सांगते. रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा, आवाज अगदी बारीक. तोच रिकाम्या डब्यावर चढवून छेडा, लगेच मोठा. तंबोऱ्याला भोपळा का असतो ते इथेच कळतं. आपल्या मिरजेत पिढ्यान्पिढ्या सतार-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, जवळपास राहत असाल तर मुलांना तिथली एखादी कार्यशाळा नक्की दाखवा, भोपळे टांगलेले बघूनच ती हरखून जातात.

आता कानाचा खेळ. एकसारखे छोटे डबे घ्या, आतलं दिसणार नाही असे, दोन डब्यांत तांदूळ, दोनांत हरभरे, दोनांत मीठ, दोनांत राजमा, झाकणं टेपने पक्की बंद करा आणि सगळे मिसळून टाका. हलवून हलवून जोड्या लावायच्या. माँटेसरी पद्धतीत यासाठी सुबक लाकडी डब्या मिळतात, पण बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला जे काम उभं केलं त्यातून आपण हेच शिकलो की महागाचं साहित्य नसलं म्हणून काही अडत नाही, आजूबाजूला मिळेल त्यातून ते करता येतं. मीठ आणि रवा अशी जोडगोळी ठेवली तर मोठ्यांचीही विकेट जाते. आणि हे खेळताना एक लक्ष असू द्या. एखादं मूल रोज मागे राहत असेल, पाठीमागून खुळखुळा वाजवला तरी वळत नसेल, टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर "लक्ष नाही त्याचं" म्हणून सोडून देऊ नका, कान तपासून घ्या. लवकर कळलं तर फार फरक पडतो, बोलणं शिकण्याचं वय हेच असतं. तसंच कानात ओरडायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास अशी मर्यादा सांगते (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप), आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर खांद्यावर बसवलेलं बाळ बघितलं की माझा जीव खरंच तुटतो हो. लांब उभे रहा, त्याचे कान झाका, एवढं तरी करा.

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, याला मी भरपूर दिवस देते. स्टीलचे चार-पाच एकसारखे ग्लास घ्या, कमी-जास्त पाणी भरा, चमच्याने काठावर वाजवा. मुलांना आधी विचारा, जास्त पाण्याचा आवाज वरचा येईल की खालचा? वाजवून बघितलं की कळतं, पाणी जास्त तर सूर खाली. अर्ध्यापर्यंत फारसा फरक जाणवत नाही, पुढे मात्र सूर भराभर उतरतो. जलतरंग वाजवणारे हेच करतात, वाटीत चमचा-चमचा पाणी घालून सूर उतरवतात. मुलांनी चार ग्लासांत सा रे ग म लावायचा प्रयत्न करावा, पेटीवर किंवा मोबाईलच्या ॲपवर सा धरून ठेवा, आणि थोडं पाणी ओत, थोडं काढ, असं त्यांचं चालू द्या. जमिनीवर पाणी सांडणारच, फडकं त्यांच्याच हातात द्या.

हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं की दुसऱ्या दिवशी अरुंद तोंडाच्या बाटल्या आणा, त्यातही कमी-जास्त पाणी, आणि यावेळी वाजवायचं नाही, खालचा ओठ काठाला टेकवून आडवी फुंकर मारायची. सगळी मुलं ठामपणे सांगतात की जास्त पाणी म्हणजे खालचा सूर. आणि बाटली उलटंच बोलते! पाणी जास्त तर सूर वर. वर्गात जी शांतता होते ना तेव्हा, ती मला फार आवडते. "ताई, ही बाटली बिघडलीय" असं कुणीतरी म्हणतंच. मी उत्तर देत नाही. एवढंच विचारते, ग्लास वाजवला तेव्हा काय थरथरत होतं, हात लावून बघ. आणि बाटलीत काय थरथरत असेल?

तुम्हाला सांगते. चमचा मारला की ग्लासची भिंत थरथरते आणि तिला पाण्याचं ओझं ओढावं लागतं, म्हणून ती सावकाश थरथरते, सूर उतरतो. फुंकर मारली की आतली हवा थरथरते, पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते, थरथर भरभर होते, सूर चढतो. आणि हे आपल्या घरातल्या बायकांना कधीपासून माहीत आहे. नळाखाली हंडा लावून आपण आत भाजी चिरत असतो, हंडा भरत आला की आवाज बारीक होत वर चढतो आणि आपण न बघता उठून नळ बंद करतो. मुलाला एकदा नळापाशी डोळे मिटून उभं करा आणि भरत आला की सांग म्हणा. चार वर्षांचं पोर बरोबर सांगतं.

हे सगळं झालं की बाटलीत आणि ग्लासात पाण्याऐवजी कोरडी वाळू भरा, तेवढ्याच उंचीपर्यंत. फुंकर मारून कुठला सूर येईल आणि चमच्याने वाजवल्यावर काय ऐकू येईल, ते घरातल्या मोठ्यांनीही आधी ओळखून कागदावर लिहायचं, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि मग वाजवायची जबाबदारी सगळ्यात लहान मुलाची. नमस्कार.