कोठडीतील उपचार आणि त्यांचे बिल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत एखाद्याला अटक झाली की त्याला प्रथम काउंटीच्या जेलमध्ये नेतात. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. तेथील जेलचा कारभार बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, पाहतो. शिक्षा झालेले दीर्घ मुदतीचे कैदी राज्याच्या मोठ्या तुरुंगांत जातात, आणि जेलमध्ये उरतात ते मुख्यतः ज्यांचा निकाल लागायचा आहे असे, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. तेथील न्याय विभागाने 2011-12 मध्ये केलेल्या पाहणीत जेलमधील 44 टक्के बंद्यांनी सांगितले की, आपल्याला मानसिक विकार असल्याचे तज्ज्ञाने पूर्वी कधीतरी सांगितले आहे.

अशा बंद्यांवर उपचार करणे हे जेलवर बंधनकारक आहे. बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही राज्यघटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षाच होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात दिला, आणि पुढच्याच वर्षी एका अपील न्यायालयाने हे तत्त्व मानसिक आजारालाही लागू केले. तुरुंगाबाहेरच्या सामान्य नागरिकाला मात्र उपचाराचा असा हक्क तेथील राज्यघटना देत नाही, ही विसंगती अनेकांच्या लक्षातही येत नाही.

हक्क ठरला, पैसे कोणी द्यायचे? गरिबांच्या उपचारांचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी वाटून घ्यावा म्हणून 1965 साली मेडिकेड ही योजना सुरू झाली, परंतु सार्वजनिक संस्थेत बंदिस्त असलेल्यांसाठी केंद्राचा निधी मिळणार नाही, अशी अट तिच्या कायद्यातच घातली गेली. दोष सिद्ध झालेला नसला तरी ही अट लागू होते. अपवाद मुख्यतः एकच: बंद्याला बाहेरच्या रुग्णालयात किमान 24 तासांसाठी दाखल करावे लागले तर. याचा अर्थ असा की, आजार आटोक्यात ठेवणारी रोजची गोळी काउंटीच्या खर्चाची, आणि ती न मिळाल्यामुळे प्रकृती बिघडून रुग्णालय गाठावे लागले तर त्या मुक्कामाच्या बिलात केंद्र वाटेकरी! मला हा हिशेब केवळ विचित्र नव्हे, तर घातक वाटतो.

पुष्कळ काउंट्या हे काम खासगी कंपन्यांना ठेक्याने देतात. रक्कम अनेकदा आधी ठरलेली असल्यामुळे जितके उपचार कमी, तितका ठेकेदाराचा फायदा. काही ठिकाणी डॉक्टरला भेटण्यासाठी बंद्याच्याच खात्यातून काही डॉलर कापले जातात; कॅलिफोर्नियाने ही पद्धत 2019 साली बंद केली.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 103 प्रत्येक राज्यातील निदान एका तुरुंगात मानसिक आरोग्य केंद्र असावे असे सांगते; इथे प्रश्न बिलापेक्षा डॉक्टर मिळण्याचा अधिक आहे.

अमेरिकेत मेडिकेडची ती अट आता थोडी सैल होत आहे. जानेवारी 2023 मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेपूर्वीच्या 90 दिवसांतील ठरावीक सेवांसाठी मेडिकेडचे पैसे वापरण्याची पहिली परवानगी मिळाली. पण बिल करायचे म्हणजे जेलच्या दवाखान्याने मेडिकेडचा नोंदणीकृत सेवादाता व्हायचे, आणि प्रत्येक भेटीचे निदान, सेवेचा संकेतांक (कोणती सेवा दिली हे बिलात सांगणारा ठरावीक क्रमांक), ठिकाण व वेळ लिहायची. मानसोपचाराच्या सर्वांत कमी वेळेच्या संवादाचा संकेतांक वापरायलाही तो संवाद किमान 16 मिनिटे चाललेला असावा लागतो. कोठडीच्या दारातील जेवणाच्या फटीतून ‘झोप लागते का, गोळ्या घेता का’ एवढेच विचारून पुढे जाणाऱ्या समुपदेशकाला त्या संकेतांकाने बिल लावता येणार नाही. मला हा नियम त्यामुळेच आवडतो. निदान कागदासाठी तरी कोणाला थांबावे लागेल. शिवाय ज्याचे बिल झाले त्याची नोंद उरते, आणि सुटल्यानंतर बाहेरच्या डॉक्टरला कोणते औषध, किती मात्रेत चालू होते, हे कळण्याचा एक मार्ग राहतो.

अडचण आहे ती तारखेची. शिक्षा भोगणाऱ्याच्या सुटकेचा दिवस आधी ठाऊक असतो. कच्चा कैदी मात्र जामिनावर उद्या सुटेल की दोन महिन्यांनी, हे जेललाही माहीत नसते. मग 90 दिवस मोजायचे कोठून? सुटकेच्या वेळी महिनाभराची औषधे हातात द्यावीत अशी या योजनेची अपेक्षा आहे, पण न्यायालयाचा आदेश संध्याकाळी आला आणि दार रात्री उघडले, तर औषधालयाला कुलूप असते. म्हणून जेलमध्ये सुटकेची तयारी बंदी आत येतो त्याच दिवशी, त्याची पहिली तपासणी करतानाच, सुरू करावी लागते.