बावीस ते सव्वीस

[दृश्य : पहाटेचं धुकं. ॲल्युमिनियमची होडी थांबते.]

इंजिन बंद केलं की आधी ऐकू येते डासांची भुणभुण. मग लांबून लून पक्ष्याची हाक. जूनचा दुसरा आठवडा, पहाटेचे साडेपाच, आणि अंगात अजून जाकीट.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या लीच लेकचा हा आत वळलेला एक उथळ कोपरा. लीच म्हणजे जळू. इथल्या ओजिब्वे आदिवासींचं या पाण्याचं मूळ नावही त्याच अर्थाचं आहे, जळवांची जागा. म्हणायला तळं, पसारा सुमारे ४०० चौरस किलोमीटर. पण इथे वल्हं उभं धरलं तर तळाला टेकतं.

[दृश्य : पाण्याखाली. रुंद पानं हलताना.]

खाली पानंच पानं. इथले गळवाले या गवताला ‘कॅबेज’ म्हणतात. कोबीशी त्याचं काही नातं नाही. रंग बघा, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. आणि त्या पानांच्या कडेला, उजवीकडे... दिसला? आम्हालाही चित्रण तीनदा मागे नेल्यावर दिसला.

नॉर्दर्न पाइक, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. इथे नुसतं ‘नॉर्दर्न’. ओजिब्वे भाषेत गिनोझे. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा शहराचं नाव याच शब्दावरून आलंय. हिरव्या अंगावर फिकट ठिपके, पानांतून झिरपलेल्या उन्हासारखे. पाठीवरचा पर आणि पोटाखालचा मागचा पर, दोन्ही पार शेपटीजवळ सरकलेले. सगळा जोर मागे. लांब पाठलाग करणं याच्या स्वभावात नाही. दबा धरायचा, अंग मुडपायचं, आणि एकदम सुटायचं.

आपल्याकडे तलावावर गळ टाकणाऱ्यांना मरळ आठवेल. तीही अशीच गवताच्या आडोशाला असते. पण मरळ पिल्लांची राखण करते. नॉर्दर्नचं तसं नाही. एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळू लागला की मादी काठच्या बुडालेल्या गवतात हजारोंनी अंडी सोडते. अंडी चिकट, पात्यांना डकवल्यासारखी बसतात. आणि ती निघून जाते. पिल्लं जरा मोठी झाली की एकमेकांनाच गिळू लागतात.

[दृश्य : डबा उघडतो. लाल-पांढरा स्पून.]

आमिष म्हणजे पत्र्याचा हा तुकडा. दांडी नसलेला चमचाच. ओढला की डगमगतो, जखमी माशासारखा. त्याच्या आणि दोराच्या मध्ये वीतभर स्टीलची तार. पहिल्या दिवशी मी ती लावली नव्हती. हाताला हिसकासुद्धा जाणवला नाही, दोर नुसता हलका झाला. स्पून गेला तो गेलाच.

दुसरी चूक नवखे सगळेच करतात : गवताच्या मधोमध फेकतात आणि भाजी घेऊन परततात. होडी गवताच्या कडेला समांतर ठेवायची आणि स्पून त्या कडेकडेनेच ओढत आणायचा. दबा धरलेला मासा बाहेर तोंड करून असतो. आपण फक्त त्याच्या दारावरून जायचं.

[दृश्य : रॉड वाकतो. पाणी उसळतं. निवेदन नाही, सात सेकंद.]

याला हातात धरताना घाई नको. टाळूवरचे दात घशाकडे झुकलेले असतात; आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. मग ते बोट असो की गळ. म्हणून लांब पक्कड. अंगावर बुळबुळीत थर, आणि त्याचा वास संध्याकाळपर्यंत हाताला राहतो, साबण लावला तरी.

आता जबडा खालून बघा. बारीक छिद्रं, एका बाजूला पाच. पाण्यातली हालचाल टिपणारी. याच तळ्यात याचा मोठा भाऊबंद राहतो, मस्की. त्याला एका बाजूला सहा किंवा जास्त. दोघांचे नियम वेगळे, म्हणून शंका आली की छिद्रं मोजतात.

मग पट्टी. चोवीस इंच.

[दृश्य : मासा पाण्यात सोडला जातो.]

एवढा छान मासा परत? मलाही क्षणभर जिवावर आलं. पण राज्याच्या या उत्तर-मध्य भागात २०१८ पासून नियमच आहे : गळाने धरलेला बावीस ते सव्वीस इंचांमधला नॉर्दर्न सोडायचा. बाकी दहा ठेवता येतात, त्यात सव्वीसच्या वरचे फार तर दोन.

गंमत अशी की या भागातल्या कित्येक तळ्यांत मासे कमी नव्हते, उलट फार झाले होते. लोक मोठे नेत राहिले, मागे उरली बारक्यांची गर्दी. त्यांना इथे ‘हॅमर हँडल’ म्हणतात, हातोडीचे दांडे. एकाच ताटावर इतके जण बसले की वाढणार कोण? शिवाय पर्च माशांचाही ते फडशा पाडतात. म्हणून दांडे खा आणि मधल्यांना मोठं होऊ द्या, असा हिशेब. आपल्याकडे लहान मासा सोडा म्हणतात. इथे लहानच घरी न्या म्हणतात.

पुढचा आला एकोणीस इंची. तो बर्फाच्या पेटीत.

[दृश्य : स्वयंपाकघर. सुरी, पाट, काचेची बरणी.]

बारका नॉर्दर्न लोक टाळतात ते काट्यांमुळे. पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुहेरी काट्यांची रांग असते. पाला माशाचे काटे निवडणाऱ्याला त्याचं काय वाटणार! पण इथले लोक बहुधा दोनच वाटा धरतात. एक, सुरीने ती रांगच काढून टाकायची. दुसरी, लोणचं. आपलं तेल-मसाल्याचं नव्हे; व्हिनेगर, मीठ, साखर, कांदा, मोहरी. व्हिनेगरमध्ये ते काटे विरघळल्यासारखे मऊ पडतात. त्याआधी मात्र मासा काही दिवस कडक गोठवायचा, कारण गोड्या पाण्यातल्या या माशात फीतकृमी असू शकतो, आणि व्हिनेगरने तो खात्रीने मरत नाही.

बरणी भरली. कांद्याच्या चकत्या काचेला चिकटल्यात. झाकणावर मार्करने तारीख लिहिली जाते, आणि तिच्याखाली कुणीतरी हसत हसत लिहितं : एकोणीस इंच.