सीटखालची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी फोर बाय फोर जीप दारात आली की आधी तिला हार घालायचा आणि मग सीट उचलायची. सीटखाली नाहीतर टूलबॉक्समध्ये एक पिशवी निघतेच. त्यात वायसर, सर्क्लिप, रबरी बुश आणि नाव न कळणारे दोन-चार नग. ती पिशवी भंगारात देऊ नका. परत सांगतो, देऊ नका.

नग धुण्याआधी हुंगून बघा. हसू नका! गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे नग गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलकडचा. काळं ग्रीस माखलेलं असेल तर बहुधा चाकाच्या हबमधला. पांढरट क्षार चढलेले असतील तर पाण्याच्या वाटेवरचा. झिजलेला नग बदलून टाकलेला असतो, त्याची फार चिंता नको. नग धडधाकट असेल तर मात्र सावध व्हा. नाव नंतर शोधा, आधी गाडीत रिकामी जागा शोधा.

मोहोळकडच्या एका बागायतदारांची गंमत सांगतो. त्यांनी जुनी डिझेल जीप घेतली. पिशवीत निघाली पितळी रंगाची, स्प्रिंगवाली, वाटीएवढी वस्तू. आई म्हणाल्या, "कुकरची शिट्टी दिसतीय." मुलगा म्हणाला, स्टोचा बर्नर. वस्तू आठवडाभर फडताळात, शेंगा चटणीच्या बरणीशेजारी. (चटणी उखळात कुटलेली बरं का. मिक्सरमधल्या भुग्याला आम्ही सोलापूरकर चटणी म्हणत नाही.)

इकडे गाडीचं वागणं विचित्र. थंडीत सकाळी इंजिन तासभर गरम होईना, डिझेल जास्त खाई. आणि तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा थेट लाल पट्टीत! मिस्त्रींनी वॉटर पंप बदलला, फॅनबेल्ट बदलला. फरक शून्य.

शेवटी कुणीतरी ती वस्तू उजेडात धरली. कडेला आकडा ठोकलेला, 82. ते थर्मोस्टॅट होतं, म्हणजे पाणी 82 अंशांपर्यंत तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. आधीच्या मालकाची गाडी तापत होती, म्हणून कुणीतरी ते काढून ठेवलेलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा जुगाड फार चालतो. पण या इंजिनात पाणी तापलं की थर्मोस्टॅटच बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतं. ते काढलं की दोन्ही वाटा कायम उघड्या. गार इंजिनाचं पाणीही रेडिएटरमधून फिरत राहतं, अन् तापल्यावर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात. म्हणून थंडीत गार आणि घाटात गरम.

आईंनीच पातेलं दिलं. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडलं, तळाला टेकू दिलं नाही, शेजारी थर्मामीटर. पारा 82च्या आसपास गेला आणि झडप हळूच सुटली. पाणी खळखळेपर्यंत चांगली करंगळीएवढी उघडली. म्हणजे नग ठणठणीत! आजार होता रेडिएटरला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून नळ्या क्षारांनी बुजलेल्या. रेडिएटर उघडून सळईने साफ केला, थर्मोस्टॅट बसवलं, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, हवा सुटायची छोटी पिन वर, गॅस्केट नवं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. पुढच्या खेपेला घाटात काटा हलला नाही. लोक आठ-आठ लाइट लावतात गाडीला, कूलंटचं नाव काढलं की मात्र खिसा आवळतात, असो.

वेळ थोडा आहे, दोनच गोष्टी. बोल्टला 14चा पाना बसत नाही आणि 15चा गरगर फिरतो? तो 9/16 इंचाचा आहे. महिंद्राने 1947पासून विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या वंशातल्या जुन्या गाड्यांत इंची आटे सापडतात. तिथे मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवाल तर आटे जातील.

दुसरं, जुन्या मारुती जिप्सीच्या पिशवीत कागदासारख्या पातळ लोखंडी चकत्या निघाल्या तर त्या किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, शिम असू शकतात, फट भरायच्या चकत्या. शिम काढला की ढिलं स्टिअरिंग तेवढ्यापुरतं घट्ट होतं आणि झिजलेलं बेअरिंग लपतं. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, स्टिअरिंगचा रॉड सोडवा आणि चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. मधोमध येताच खट्‌कन अडकलं तर बेअरिंगच्या वाटीला खड्डे पडलेत. मग शिमांचा खेळ करू नका, आधी बेअरिंग बदला, वाटीसकट.

नमस्कार.