क्रोशाचा त्रिकोणी स्कार्फ: कडेचा तो एक खांब

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात तोरणाचा व्हिडिओ केला, तेव्हा गळ्यात हा मोरपिशी स्कार्फ होता. तोरणाबद्दल विचारणारे थोडे आणि "ताई, तो स्कार्फ कसा विणला ते आधी सांगा" म्हणणारेच जास्त. त्यात सध्या ज्याच्या-त्याच्या रीलमध्ये क्रोशा दिसतोय. तर आज हाच घेऊ.

सामान पटकन सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. लोकर ८ प्लायची, क्रोशाची आकडा असलेली सुई ५ मिलिमीटरची, कात्री आणि एक सेफ्टी पिन. ही पिन लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे. १०० ग्रॅमचे तीन गुंडे एकदमच आणा आणि लेबलवरचा लॉट नंबर तिन्हींवर सारखा आहे ना बघा. नंतर आणलेला गुंडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच रंग वाटतो, उन्हात फरक दिसतो.

साखळी (सुईवरच्या फेऱ्यातून दोरा ओढला की होते ती) आणि खांब (त्याहून उंच टाका) तुम्हाला येतात असं धरते. ज्यांच्या हाताची सवय गेलीय त्यांच्यासाठी एकदाच सांगते: सुईवर एक वेढा, सुई घरात, म्हणजे खालच्या टाक्याच्या भोकात, दोरा ओढून बाहेर, सुईवर तीन फेरे झाले. दोनातून काढा, पुन्हा दोनातून काढा. झाला खांब. इंग्रजी नमुना बघून करत असाल तर एवढं जपा की अमेरिकन नमुन्यात याला डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात यालाच ट्रेबल. नमुना कुठला आहे ते न बघता सुरुवात केली की कामाची उंचीच बदलते.

आता त्रिकोण. आपण खालच्या टोकापासून सुरू करतोय. यात शेवटी किती मोठा होईल याचा हिशेब आधी मांडावा लागत नाही, लोकर संपत आली की थांबायचं.

४ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत २ खांब. बाजूला ज्या ३ साखळ्या उभ्या राहिल्या, तो आपला पहिला खांब. म्हणजे पहिल्या ओळीत ३. काम फिरवा. ३ साखळ्या घाला आणि त्या ज्या खांबाच्या डोक्यातून निघाल्या, त्याच डोक्यात आणखी २ खांब. मधल्या खांबावर १. शेवटच्यावर ३. मोजा, ७ झाले. पुढे प्रत्येक ओळीला हेच: दोन्ही टोकांना तीन-तीन, मध्ये एकावर एक. ज्यांनी आधी टेबलावरचे रुमाल विणलेत त्यांचा हात इथे पहिलं घर सोडून पुढे जातो, कारण सरळ कामात ते सोडायचंच असतं. इथे सोडायचं नाही.

विणायचं कसं ते एवढंच आहे. पण मला ज्यासाठी हा व्हिडिओ करायचा होता, ती गोष्ट पुढे आहे. दर आठवड्याला कोणीतरी लिहितं, "ताई, माझा त्रिकोण एका बाजूला कलतोय", "माझा फार निमुळता येतोय", "कडेला भोकं पडतायत". ह्या तीन तक्रारी नाहीत, एकच आहे. ओळीचा शेवटचा खांब राहून गेलाय.

(काम कॅमेऱ्याजवळ धरून) नीट बघा. हे सगळे खांब सरळ उभे आहेत, डोक्यावर प्रत्येकाच्या वेणीसारखी दोन दोऱ्यांची कड. आणि हा इथे, अगदी टोकाला, थोडा पिळलेला, बारीक, बाहेर झुकलेला. ह्या मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या. हा खांबासारखा दिसत नाही, म्हणून डोळा त्याला खांब मानत नाही. तुम्ही त्याच्या अलीकडच्या खांबावर तीन घालता, काम फिरवता, आणि हा तसाच बाहेर राहतो. तेच ते भोक. शेवटचे तीन खांब ह्याच्या डोक्यात, तिसऱ्या साखळीत जायला हवेत.

डोळ्याला पटत नसेल तर आकड्यांनी बघा. बरोबर विणलं तर ओळी अशा येतात: ३, ७, ११, १५, १९. दर वेळी ४ वाढतात आणि आकडा कायम विषम. शेवटचा राहिला तर ३, ६, ९, १२. तीनचा पाढा सुरू झाला की तिथेच थांबा! चाळिसाव्या ओळीला बरोबर कामात १५९ खांब हवेत, चुकलेल्यात १२० भरतात. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये साधारण १४ खांब बसतात, म्हणजे रुंदीत २७-२८ सेंटिमीटरची तूट. आणि कलतो का? कारण काही जणींचा हा खांब फक्त सुलट ओळीला राहतो, उलट ओळीला सापडतो. मग एकच कड मागे पडत जाते.

हे मी एवढं जीव तोडून सांगतेय, कारण माझा पहिला स्कार्फ असाच गेला होता. भावजयीला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी द्यायचा होता, जांभळा. ३० ओळी झाल्या होत्या. आत्याने हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उसव." मी म्हटलं, पुढे ओढून घेऊ सरळ. तिने काही न बोलता दोरा सोडायला घेतला, मला समोर बसवून गुंडा करायला लावला. रडू येत होतं. पण अंगठ्याला जे भोक लागतं ते तेव्हापासून माझ्याही अंगठ्याला लागतं. आजही ओळ संपली की मी कडेवरून बोट फिरवतेच.

आता ती पिन. ओळ सुरू करताना ३ साखळ्या घातल्या की लगेच तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवा. ओळ विणा, काम फिरवा, परत या. पिन दिसली की सुई तिथेच, तीन खांब तिथेच. पिन काढून आत्ता संपलेल्या ओळीच्या सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत लावा, म्हणजे पुढची ओळ तिथेच संपेल. पहिल्या दहा ओळी एवढं केलंत की तो पिळलेला खांब तुम्हाला आपोआप ओळखू येईल.

एका दादांनी लिहिलं होतं, "एवढी मेहनत कशाला, बाजारात २०० रुपयांना मशीनचा मिळतो." दादा, तो विणलेला असेल, पण क्रोशाचा नाही. स्वेटर-मोज्यांचं विणकाम मशीनवर होतं. क्रोशाचा प्रत्येक टाका मात्र मागच्या कामात सुई घालून एकेक पुरा करावा लागतो, तसं काम काढणारी मशीन कारखान्यांत नाही. दुकानात क्रोशा म्हणून जी मशीनची लेस मिळते, तिची वीणच वेगळी. आंध्रात नरसापूरला मिशनऱ्यांनी १९व्या शतकात शिकवलेली क्रोशाची लेस बायका आजही घरी बसून हातानेच विणतात. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली की कुणाच्या तरी हाताची मजुरी कमी झालीय, हे मला दिसतं आणि मन खट्टू होतं.

बरं, स्कार्फ. साधारण ५० ओळींवर वरची बाजू १४० सेंटिमीटरच्या आसपास येते, गळ्याभोवती एक वेढा घेऊन टोकं पुढे राहतात. थंडीच्या देशात राहणाऱ्यांनी अजून दहा ओळी विणा. शेवटी दोरा १५ सेंटिमीटर ठेवून कापा, जाड सुईने आतून आधी एका दिशेला, मग परत उलट दिशेला ओवा. नुसती गाठ मारून कापू नका, दुसऱ्या धुण्यात सुटते.

कडा वळल्या असतील तर खऱ्या लोकरीचा स्कार्फ ओला करून, टॉवेलात दाबून, जाड चादरीवर टाचण्यांनी ताणून वाळवा. अ‍ॅक्रिलिकला, म्हणजे कृत्रिम लोकरीला, इस्त्री टेकवू नका, एकदा सपाट झालं की ते परत फुलत नाही. वाफ लांबूनच द्या, तीही थोडी. गोंडे लावायचे तर ते वाळल्यावर, आधी खालच्या टोकाला एक लावा आणि तिथून दोन्ही बाजूंना सारखे मोजत वर जा.