बस्टर कीटन आणि अठरा फुटांवरची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे अमेरिकन मूकपटांतल्या बस्टर कीटनबद्दल. सत्तर वर्षांचं आयुष्य आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं लोकांसमोर पडण्यात गेलेली. एवढं सगळं या वेळेत मावायचं नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आपल्याला पोचायचं आहे एका भिंतीपाशी. बाकीचं भराभर उरकू.

जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावी. खरं नाव जोसेफ फ्रँक कीटन. आईवडील व्हॉडव्हिलमधले, म्हणजे गाणी, नकला, कसरती असा सगळा मालमसाला एका तिकिटात देणाऱ्या फिरत्या रंगमंचावरचे. पोरगं चालायला लागलं आणि थोड्याच काळात त्यांच्या खेळात आलं. खेळ काय, तर व्रात्य मुलगा बापाला छळतो आणि बाप त्याला उचलून फेकतो. पडद्यावर, नेपथ्यावर, कधी खाली वादकांच्या खड्ड्यात. पकड नीट बसावी म्हणून पोराच्या अंगरख्यावर पाठीमागे चक्क सुटकेसची मूठ शिवलेली असायची. बालसंरक्षणवाले पाठीमागे लागले, तपासण्या झाल्या, पण खेळ चालू राहिला.

तिथे तो दोन गोष्टी शिकला. पडताना अंग सैल सोडायचं आणि हाताने किंवा पायाने जोर आधी मोडायचा. आणि दुसरी, आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत. त्याचा तो प्रसिद्ध निर्विकार चेहरा हा असा लहानपणीच, धंद्याची गरज म्हणून घडलेला.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल या तेव्हाच्या लोकप्रिय विनोदी नटाने त्याला सिनेमात आणलं. आल्या आल्या याने काय पाहिलं, तर कॅमेरा. आत काय आहे, फिल्म कशी सरकते, कापायची कशी. मधे महायुद्ध झालं, सैनिक म्हणून फ्रान्सला जाऊन आला, कानाला कायमचा त्रास घेऊन आला. १९२० पासून स्वतःच्या स्टुडिओत स्वतःचे चित्रपट. १९२६ च्या ‘द जनरल’मध्ये त्याने ऑरेगनमध्ये जळत्या पुलावरून खरं रेल्वे इंजिन नदीत पाडलं. खरं इंजिन, खरा पूल.

आता भिंत.

साल १९२७, उन्हाळा. चित्रपट ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ नदीकाठी. तिथे गावाचा सेट उभारला होता. मूळ गोष्टीच्या शेवटी महापूर होता. पण त्याच वर्षी मिसिसिपी नदीला खरोखरच भयंकर पूर आला, तेव्हा पुरावर विनोद नको असं ठरलं आणि पुराचं झालं चक्रीवादळ. सेट बदलावा लागला, पैसे गेले. पण वादळ आलं म्हणून भिंत आली.

प्रसंग असा. वाऱ्याने रुग्णालयाची इमारत उडून जाते, आपला नायक पलंगासकट रस्त्यावर ढकलला जातो. शेवटी एका घरासमोर उभा राहतो, सुन्न, मान चोळत. मागे घराचा संपूर्ण दर्शनी भाग सुटतो आणि सपाट त्याच्या अंगावर येतो. वरच्या मजल्याची खिडकी उघडी आहे. तो बरोबर त्या उघड्या जागेतून निघतो. आजूबाजूला फळ्यांचा ढीग, मधे तो उभा.

यात कुठलीही कॅमेऱ्याची करामत नाही. खरी भिंत, खरा माणूस. वजन दोन टनांच्या आसपास सांगतात.

कीटनने हे कसं केलं ते म्हातारपणी मुलाखतीत पायरीपायरीने सांगितलेलं आहे. आधी फक्त सांगाडा बांधला. खालच्या कडेला बिजागऱ्या, आणि त्या घट्ट, भक्कम आहेत ना हे तपासलं. भिंत पेटीच्या झाकणासारखी फिरायची होती, घसरायची नव्हती. बिजागरी जरा ढिली असली तर भिंत खाली येताना पुढे सरकणार, आणि सरकली तर खिडकीही सरकणार.

घराला उंच, उतरतं छप्पर दिलं, म्हणजे खिडकी त्या त्रिकोणात खूप वर नेता आली. साध्या दुमजली घराची वरची खिडकी असते बारा फुटांवर. यांनी ठेवली अठरा फुटांवर. लक्षात ठेवा, अठरा फूट.

अठराच का, ते कागदावर मांडून बघा. माणूस धरा साडेपाच फुटांचा. कीटन साधारण तेवढाच होता. खिडकी अठरा फुटांवर म्हणजे टाचा भिंतीच्या पायापासून अठरा फुटांवर. बिजागरीपासून डोक्यापर्यंत तिरकं मोजलं तर भरतं सुमारे १८ फूट १० इंच. म्हणजे टाच आणि डोकं यांच्यात भिंतीवरचा फरक दहा इंचांचा. तेच खिडकी बारा फुटांवर असती तर हा फरक झाला असता चौदा इंचांहून जास्त. जितकी खिडकी वर, तितकी ती लहान चालते, कारण भिंत डोक्याशी पोचते तेव्हा जवळजवळ आडवी झालेली असते. शिवाय उंच भिंत पडद्यावर जास्त भयानक दिसते, ते वेगळंच.

मग सांगाडा जमिनीवर आडवा केला. कीटन जिथे उभा राहणार तिथे उभा राहिला आणि खिडकी त्याच्याभोवती बांधली. आधी माणूस, मग खिडकी. मोकळी जागा किती? प्रत्येक खांद्याला दोन इंच. डोक्याला वरच्या चौकटीपासून दोन इंच. टाचांना खालच्या चौकटीपासून दोन इंच. दोन इंच, श्रोतेहो. चार बोटंही पुरती बसायची नाहीत.

दोन्ही टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले. कॅमेऱ्यात खुणेचा चुना दिसतो, खिळा दिसत नाही, आणि खाली न बघता पायाला लागतो. मग सांगाडा पुन्हा उभा केला, दर्शनी भाग ठोकला, रंगवला, घरापासून फाटल्यासारखी कड दातेरी केली, आत खोल्या सजवल्या, म्हणजे भिंत गेल्यावर मागे खरं घर दिसावं.

राहिला वारा. लिबर्टी विमान-इंजिनांवर चालणारे सहा पंखे आणले होते. कीटनच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतून ट्रक रस्त्यावरून उचलला गेला असता. आणि खरा धोका इथेच होता. वारा कॅमेऱ्यापुढे हवा, मागे हवा, पण पडत्या भिंतीवर त्याचा एकही झोत यायला नको. भिंतीला वारा लागला तर ती पिळवटते. पिळवटली की एक कोपरा आधी टेकणार, खिडकी तिरकी होणार, आणि दोन इंचांचा हिशोब संपला. हलकी भिंत केली असती तर? तिला वाऱ्याने आणखी सहज फिरवलं असतं. तेव्हा जड हवी, ताठ हवी.

कीटनने स्वतः काय करायचं? काहीच नाही. हलायचं नाही. मान मागे टाकली की गेला, खांदा वळवला की गेला. लहानपणापासून अंग सैल सोडायला शिकलेल्या माणसाने इथे खांबासारखं उभं राहायचं. दिग्दर्शक चार्ल्स राइझनरला बघवेना म्हणून तो तंबूत बसून होता, कॅमेरावाल्यांनीही नजर फिरवली असं सांगतात. एकच टेक. असल्या गोष्टी दोनदा करत नाहीत, असं कीटन म्हणायचा.

हे त्याला एकदम सुचलं असं मात्र नाही. १९१९ मध्ये आर्बकलबरोबर ‘बॅक स्टेज’मध्ये नेपथ्याचा हलका पडदा असाच पडतो, १९२० च्या ‘वन वीक’मध्ये घराची एक बाजू पडते. तीच कल्पना तीनदा, दर वेळी मोठी. नवं काहीतरी रोज हवं या हट्टापायी आपल्याकडे आणि तिकडेही कितीतरी चांगल्या कल्पना एकदाच वापरून टाकून दिल्या जातात, हे माझं जुनं दुखणं आहे. असो.

हिशोब चुकायचा नाही असंही नव्हतं. १९२४ मध्ये ‘शरलॉक ज्युनियर’ करताना तो रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळला. इंजिन भरणारा नळ तो, पाण्याचा लोंढा एवढा जोरात आला की कीटन खाली, मान थेट रुळावर. काही दिवस डोकं भयंकर दुखलं आणि तो काम करत राहिला. मानेचं हाड मोडून जुळलेलं आहे हे कित्येक वर्षांनी एक्स-रेमध्ये दिसलं. भिंत मोजली होती, पाणी मोजलं नव्हतं.

१९२८ मध्ये भिंतीचा चित्रपट आला आणि धंदा बेताचाच झाला. त्याच वर्षी स्वतःचा स्टुडिओ सोडून कीटन एम.जी.एम. या हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओत गेला. तिथे पटकथा लिहून मंजूर करून घ्यायची, आणि जिवावरचं काम दुसऱ्याने करायचं. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच. पण ज्याची पटकथा खिळे ठोकताना तयार व्हायची त्याचं काय करायचं? बोलपट आले, दारू वाढली, १९३२ मध्ये घटस्फोट, १९३३ मध्ये स्टुडिओने काढलं. पुढे त्याच स्टुडिओत इतरांना विनोद सुचवायच्या पगारी नोकरीवर बसला.

१९४० मध्ये एलनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि गाडी रुळावर आली. पन्नासच्या दशकात जुन्या प्रती सापडल्या, टेलिव्हिजनवर काम मिळालं, आणि १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. चॅप्लिन मोठा की कीटन, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो कॉलेजच्या कट्ट्यावर ठेवावा.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ इंटरनेटवर सहज मिळतो, सत्तरेक मिनिटांचा आहे, वादळ शेवटच्या पंधरा मिनिटांत. प्रत निवडताना बघा, माणसं मुंग्यांसारखी धावत असतील तर गती चुकलेली आहे, दुसरी शोधा. भिंत पहिल्यांदा पडेल तेव्हा तुम्ही तिच्याकडेच बघाल. दुसऱ्यांदा त्याच्या टाचांकडे बघा. आणि नंतर कुणीतरी चिकटवलेलं पियानोचं धडाम-धुडूम असेल तर आवाज सरळ बंद करा.

नमस्कार.